टेकडीवर झाड लावायचंय? नव्या स्वयंसेवकांसाठी जून ते जून

पुण्यात टेकडीवर झाडं लावायला माणसं कमी पडत नाहीत. मृगाचे दोन पाऊस झाले की रविवारी सकाळी रोपं, कुदळी आणि फोन घेऊन गट वर चढतात. माणसं कमी पडतात ती मार्च ते मे या महिन्यांत. तेव्हा त्याच रोपांना दर आठवड्याला पाणी लागतं, आणि वर पाण्याचा नळ नसतो. म्हणून हा लेख लावणीच्या दिवसाबद्दल थोडा आणि उरलेल्या वर्षाबद्दल जास्त आहे.

माझ्या डोळ्यांसमोर वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई-पाचगाव पर्वती, बाणेर-पाषाणची टेकडी अशा जागा आहेत. पाऊस साधारण 700-750 मिलीमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. सातारा, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या टेकड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. कोकणात आणि गोव्यात पाऊस याच्या कितीतरी पट आणि माती जांभ्याची, त्यामुळे तिथल्या मंडळींनी आपल्याकडच्या जाणत्यांना विचारूनच पुढे जावं.

आधी कुणाच्या तरी हाताखाली एक वर्ष

नवा गट काढण्याची घाई करू नका. तुमच्या जवळच्या टेकडीवर आधीपासून काम करणारी माणसं जवळजवळ नक्की असतील. बाणेरच्या तुकाई टेकडीवर वसुंधरा अभियानाचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं चर खणत, झाडं लावत आणि जगवत आले आहेत. वारज्याच्या वनजमिनीवर वनविभाग, संस्था आणि नागरिक यांनी मिळून उभं केलेलं स्मृतिवन 2020 साली केंद्र सरकारने नगर वन योजना जाहीर करताना नमुना म्हणून देशापुढे ठेवलं होतं. बाकी टेकड्यांवर नाव नसलेले, रोज सकाळी फिरायला येणारे पाच-सात जणांचे गट असतात. हातात पाच लिटरचा कॅन घेऊन चढणारे काका-काकू दिसले की त्यांना थांबवून विचारा, "मी येऊ का मदतीला?" बहुतेक वेळा तुमच्या हातात लगेच दुसरा कॅन येतो.

या वर्षात तुम्ही तीन गोष्टी शिकाल. पाणी कुठून येतं, शेळ्या-गुरं कुठून येतात आणि वनरक्षकाचा फोन नंबर कुणाकडे आहे. या तिन्ही गोष्टी कुठे लिहिलेल्या सापडत नाहीत.

जमीन कुणाची, हे कागदावर बघा

टेकडी मोकळी दिसते म्हणून ती सगळ्यांची नसते. एकाच टेकडीवर वनविभागाची जमीन, महापालिकेची जागा, एखाद्या संस्थेचा परिसर आणि खासगी मालकीचे तुकडे शेजारी शेजारी असतात. गट नंबर कळला की सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर बघता येतो, शहरी हद्दीत मिळकत पत्रिका बघावी लागते. जागा वनविभागाची असेल तर वनरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकारी यांना भेटा आणि लेखी अर्ज द्या. अर्जात जागा, गटातल्या दोन जबाबदार माणसांची नावं, कोणती रोपं, किती, कधी आणि तीन वर्षं पाणी कोण घालणार हे लिहा. शेवटच्या ओळीमुळे अर्जाकडे बघण्याची नजर बदलते.

परवानगी हा सोपस्कार समजू नका. राखीव वनात भारतीय वन अधिनियम 1927 लागू असतो. तिथे खणणं, तोडणं, आग लावणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. वनाबाहेर, शहरातल्या रस्त्यावरच्या आणि सोसायटीतल्या झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 चं संरक्षण आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. विदेशी झाड आहे म्हणून आपणच करवत चालवायची, असं इथे चालत नाही.

पुण्यात आणखी एक शब्द कानावर पडेल तो बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यान. महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांमधल्या टेकड्या आणि टेकडीउतारांची सुमारे 978 हेक्टर जागा या आरक्षणाखाली आहे. ही टिकावी म्हणून नागरिकांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध हजारो लोक चालत निघाले, त्यात रोज पाणी घालणारेही मोठ्या संख्येने होते. आपण ज्या जमिनीवर रोप लावतो तिच्यावर शहराच्या विकास आराखड्यात कोणता रंग, म्हणजे कोणतं आरक्षण आहे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला माहीत असायला हवं. तीन वर्षं वाढवलेलं झाड रस्त्याच्या आखणीत निघालं तर तो घाव फार खोल जातो.

टेकडी ओळखा, गवतासकट

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच सगळे गाळतात.

टेकडीचा माथा उघडा दिसला की नवख्याला तो ओसाड वाटतो आणि तिथे झाडं हवीत असं वाटायला लागतं. जुलैच्या शेवटी तिथेच गुडघे टेकून बघा. कुसळी, पवना, मारवेल ही गवतं, त्यांच्या आधाराने आलेला कवळा, तेरडा आणि नशिबात असेल तर कंदीलपुष्पाचा नाजूक वेल. तितर आणि चंडोल याच गवतात जमिनीवर घरटी करतात. टिटवी तर नुसत्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. हे गवताळ माळ दख्खनच्या कोरड्या भागाचं आपलं, मूळचं रूप आहे. तिथे दाट झाडी उभी केली तर सावलीने गवत जातं, आणि गवताबरोबर हे पक्षीही.

म्हणून पहिल्या पावसाळ्यात काहीही न लावता टेकडी चार भागांत बघा: माथ्यावरचा कातळ आणि गवत, वरचा उतार, खालचा उतार, आणि ओढ्याची घळ. प्रत्येक भागात आपणहून काय वाढलंय ते लिहून ठेवा. झाड ओळखता येत नसेल तर पान, खोड, फूल आणि पूर्ण झाड असे चार फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका, जाणकार नाव सांगतात. पक्ष्यांची नोंद ईबर्डवर करा. सगळ्यांत उपयोगी पडतात ती आपोआप उगवलेली रोपं. कुठल्या तरी दगडाच्या आडोशाला वीतभर बोर किंवा हेंकळ उगवलेलं असेल, तर त्याच्याभोवती काट्याच्या फांद्या रचून त्याला शेळीपासून वाचवणं हे नवीन रोप लावण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं काम आहे. त्याचं मूळ आधीच कातळाच्या फटीत शिरलेलं असतं.

माथ्यावरचं गवत तसंच ठेवा. झाडांसाठी उतार आणि घळ पुष्कळ आहेत.

किती झाडं लावायची हे पाण्यावरून ठरवा

रोपांची संख्या कधीही उत्साहावरून ठरवू नका. हिशेब असा मांडा. समजा, 40 रोपं. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाला आठवड्यातून एकदा 6 लिटर पाणी. म्हणजे आठवड्याला 240 लिटर. डिसेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे 24 आठवडे धरले तर 5,760 लिटर. पाच लिटरचे 48 कॅन दर आठवड्याला वर चढले पाहिजेत. एक माणूस एका खेपेत दोन कॅन नेतो, म्हणजे 24 खेपा. बारा माणसांनी दोन-दोन खेपा केल्या तर जमेल. पण परीक्षा, लग्नसराई, आजारपण, गावाला जाणं हे सगळं याच महिन्यांत येतं, त्यामुळे बारा माणसं हवी असतील तर यादीत वीस हवीत.

तुमच्याकडे आठ माणसं असतील तर 15 रोपं लावा. पुढच्या वर्षी आणखी 15. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी दोन आठवड्यांतून एकदा पुरतं, तिसऱ्यात फक्त पान मलूल दिसेल तेव्हा, म्हणून दरवर्षी थोडी नवीन भर घालता येते. एखादी कंपनी येऊन "पाचशे रोपं लावू, एका दिवसात" म्हणाली तर त्यांना नम्रपणे पाण्याचा हा हिशेब दाखवा. त्यांच्या शंभर माणसांना त्या दिवशी चर खणायला, दगडी बांध रचायला, पालापाचोळ्याची पोती वर न्यायला लावा. हे काम एका दिवसात होतं, आणि टिकतं.

खड्डे, चर आणि बांध: मे महिन्यात

पाऊस पडायच्या आधी पाणी अडवायची सोय झाली पाहिजे. काम माथ्याकडून पायथ्याकडे करत या. परवानगी असेल तिथे उतारावर समपातळीत चर घ्या, साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल. निघालेली माती खालच्या बाजूला लावा. चर समपातळीत नसेल तर पाणी एका टोकाला धावतं आणि तिथून माती घेऊन फुटतं.

समपातळी काढायला यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाशी बांधून इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट करा. मध्ये आडवी काठी. वरून सुतळीला दगड बांधून सोडा. सपाट जमिनीवर चौकट ठेवा, सुतळी आडव्या काठीवर जिथे टेकेल तिथे खूण करा, मग पाय उलटसुलट करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. आता उतारावर एक पाय रोवायचा आणि दुसरा वर-खाली सरकवत सुतळी मध्यावर आणायची, तिथे चुना टाकायचा, पुढे सरकायचं. शाळकरी मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेटकं करतात.

ओहोळात अनगड दगडांचे छोटे बांध रचा. मोठे दगड खाली, लहान वर, मधला भाग कडांपेक्षा थोडा खोलगट, म्हणजे पाणी मधून जाईल, कडा कापणार नाही. दगड आसपास मोकळे पडलेलेच घ्या. मातीत रुतलेला दगड उपटू नका, त्याखाली विंचू असतो आणि त्याच्यामुळे माती धरलेली असते.

खड्डे 45 सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. मुरूम लागला तर पहारीने 60 पर्यंत जा. खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्या.

कोणती रोपं

वरच्या पातळ मातीच्या उतारावर सालई, मोई, गणेर, कांडोळ, धावडा. खाली माती जरा जास्त असेल तिथे पळस, बहावा, काटेसावर, पांगारा, शिवण, बेहडा. घळीत आणि ओढ्याकाठी उंबर, करंज, जांभूळ. गुलमोहर, नीलमोहर, रेन ट्री टेकडीवर नेऊ नका. आंबा-फणसाचा आग्रह पुष्कळांचा असतो. त्यांना सोसायटीच्या आवारात जागा द्या.

झुडपं विसरू नका. बोर, करवंद, हेंकळ, धायटी, तरवड, मुरुडशेंग, निर्गुडी यांच्याशिवाय टेकडी पोकळ राहते. छोट्या पक्ष्यांना घरट्यासाठी उंच झाडापेक्षा काटेरी झुडूप हवं असतं. एका झाडामागे दोन झुडपं असं प्रमाण मी तरी धरते.

रोपं वनविभागाच्या किंवा स्थानिक झाडांवर काम करणाऱ्या रोपवाटिकेतून घ्या. दोन-तीन फुटांचं, खोड पेन्सिलीहून जाड असलेलं, एक-दोन वर्षांचं रोप चांगलं. सहा फुटी रोप बघायला छान, पण लहान पिशवीत मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात आणि पुढे झाड वाऱ्यात लोळतं.

स्वतः रोपं करणं अधिक समाधानाचं आहे, आणि ज्यांना गुडघ्यांमुळे टेकडी चढता येत नाही अशा आजी-आजोबांना गच्चीत हे काम मनापासून आवडतं. लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, खाली चार भोकं पाडून वापरा. कडुनिंब आणि जांभळाचं बी काही आठवड्यांत निकामी होतं, गोळा केल्या केल्या पेरायचं. पळसाचं बीही ताजं असतानाच लावा. बहाव्याचं बी मात्र टणक कवचाचं. एका कडेला पॉलिशपेपरने घासून रात्रभर पाण्यात भिजवलं तर उगवण सुधारते. सालई, मोई, पांगारा यांच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर रोवल्या तर फुटतात, पण फांदी तोडण्याचीही परवानगी लागते. बी गोळा करताना झाडाखालचं सगळं उचलू नका. खारी, पाखरं, मुंग्या यांचा वाटा त्यात असतो.

बीजगोळ्यांबद्दल, म्हणजे मातीच्या गोळ्यात बी घालून ते टाकण्याबद्दल, सगळे विचारतात. मुलांना मातीत हात घालायला मिळतात, एवढ्यासाठी करायला हरकत नाही. टेकडीच्या उघड्या उतारावर त्यांतून झाड होण्याची आशा मी धरत नाही. कोंब आला तरी दोन पावसांमधल्या कोरड्या आठवड्यात तो वाळतो.

लावणीचा दिवस

जमीन वीतभर खोल ओली झाल्याशिवाय लावू नका. पहिला पाऊस पडला म्हणून धावू नका; आर्द्रा लागेपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही. जुलैच्या अखेरपर्यंत सगळी लावणी आटोपली पाहिजे, म्हणजे मुळांना दोन-अडीच महिने पावसाचे मिळतात.

खड्ड्यात निघालेल्या मुरमातले मोठे दगड बाजूला काढा. उरलेल्यात दोन घमेली माती आणि एक घमेलं मुरलेलं शेणखत किंवा पाल्याचं खत मिसळा. कच्चं शेण अजिबात नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते. खड्डा अर्धा भरा. आता रोपाची पिशवी आडवी धरून ब्लेडने उभी चिरा, मातीचा गोळा तळहातावर अलगद घ्या. तळाशी मुळं गुंडाळलेली असतील तर तेवढी कापून टाका. गोळा खड्ड्यात ठेवल्यावर खोडाचा मातीला टेकलेला भाग जमिनीच्या पातळीत आला पाहिजे. खोल गेला तर खोड कुजतं, वर राहिला तर मुळं उघडी पडतात. बाजूने माती भरा आणि टाचेने नव्हे, हाताच्या मुठीने दाबा.

उतारावर आळं गोल करू नका. खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा मातीचा किंवा दगडांचा बांध करा, वरची बाजू मोकळी, म्हणजे उतारावरून वाहतं पाणी तिथे येऊन थांबेल. बांबूची काठी वाऱ्याच्या दिशेला, मुळांच्या गोळ्याबाहेर ठोका आणि सुतळीने आठाच्या आकड्यात सैल बांधा. सहा महिन्यांनी ती सुतळी सोडायची, नाहीतर ती सालीत रुतते. वरून चार बोटं जाडीचा पालापाचोळा, पण खोडाभोवती थोडी मोकळी जागा ठेवून. शेळ्यांचा वावर असेल तर बोरी-बाभळीच्या वाळलेल्या फांद्यांचं कोंडाळं करा.

खाली उतरण्याआधी रिकाम्या पिशव्या मोजा. जेवढी रोपं, तेवढ्या पिशव्या हातात असल्या पाहिजेत. एखादी कमी भरली तर ती कुठेतरी रोपाखालीच राहिलेली असते.

गणेशोत्सवाच्या सुमारास: तण आणि आगंतुक

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टेकडीवर पिवळ्या-केशरी फुलांचे ताटवे दिसतात, लोक तिथे फोटो काढतात. तो कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोकडचा, इथल्या गवताला आणि रानफुलांना दाबून पसरतो. फूल यायच्या आधी, माती ओली असताना मुळासकट उपटा. एकदा बी पडलं की पुढच्या वर्षी दुप्पट काम.

गाजर गवत तर पुण्याला ओळखीचं. भारतात ते 1950 च्या दशकात पहिल्यांदा इथेच नोंदलं गेलं. उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडावर रुमाल हवाच. त्याने अंगावर पुरळ उठतं आणि दमा असलेल्यांना त्रास होतो. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी या कामाला येऊ नये. सुबाभळीची छोटी रोपं पावसात सहज उपटतात, मोठं झाड मात्र वनविभागावर सोडा. घाणेरीच्या जाळीत हात घालण्याआधी आत कुणाचं घरटं नाही ना, हे बघा.

गिरिपुष्पाचा प्रश्न वेगळा आहे. पुण्याच्या टेकड्यांवर ते पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं, कारण फांदी रोवली की लागतं, झपाट्याने वाढतं आणि गुरं फारसं तोंड लावत नाहीत. मूळ मध्य अमेरिकेचं हे झाड आता कित्येक उतारांवर एकटंच उभं आहे, खाली दुसरं काही फारसं येत नाही. पण त्याने मातीही धरली आहे, म्हणून एका फटक्यात ते काढण्याची मागणी मला पटत नाही. वनविभागाच्या संमतीने मधून मधून विरळणी करायची, मोकळ्या झालेल्या उजेडात देशी रोपं लावायची, ती डोक्याएवढी झाली की पुढची विरळणी. दहा-पंधरा वर्षांचं काम आहे.

याच दिवसांत आळ्यातलं गवत खुरप्याने काढा आणि तिथेच आच्छादन म्हणून पसरा. आळ्याबाहेरच्या गवताला हात लावू नका. हो, आणि पायात पायमोजे जाड घाला. कुसळ कापडातून आत शिरतं आणि घरी येईपर्यंत टोचत राहतं.

वणवा

डिसेंबरपासून गवत वाळतं आणि एक पेटती सिगारेट पूर्ण उतार संपवते. झाडांच्या तुकड्याभोवती तीन मीटर रुंदीचा पट्टा विळ्याने कापून, गवत बाहेर वाहून मोकळा ठेवा. वनविभाग जिथे जाळरेषा (आग अडावी म्हणून मुद्दाम जाळून मोकळा केलेला पट्टा) घेतो तिथे त्यांच्याच माणसांना काम करू द्या. गवत जाळून पट्टा करण्याचा विचार स्वयंसेवकांनी मनातही आणू नये.

आग दिसली तर अग्निशमन दलाला 101 आणि वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन करा. जागा सांगताना जवळचं मंदिर, टाकी किंवा गेट सांगा, "टेकडीच्या मागे" म्हणून गाडी पोचत नाही. आग उताराने वर धावते, त्यामुळे आगीच्या वरच्या बाजूला कुणीही थांबू नये, मुलांना आणि ज्येष्ठांना लगेच आगीपासून लांब, बाजूने खाली न्या. झोडपून आग विझवण्याचं प्रशिक्षण वनविभागाकडून मागून घ्या. ते न घेता पुढे जाऊ नका.

टेकडीखालच्या सोसायट्यांशी आधीच बोलून ठेवा. पाला गोळा करून पेटवण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ते नियमांविरुद्ध आहे. हाच पाला आपल्याला आच्छादनाला हवा असतो. पुण्यात ब्राउन लीफ या नागरिकांच्या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांची आणि ज्यांना तो हवा आहे त्यांची गाठ घालून दिली. तुमच्या गल्लीत हे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर होऊ शकतं. फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली की पोती भरून ठेवा.

उन्हाळा

पाणी सकाळी साडेआठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर घाला. पाण्याचा एकदम लोंढा ओतू नका, निम्मं ओता, पुढच्या रोपाला जा, परत येऊन उरलेलं ओता. पहिलं पाणी मातीचं वरचं कवच मऊ करतं आणि दुसरं खाली मुरतं. रोज पेलाभर पाणी घालणारे प्रेमळ लोक असतात, त्यांना समजावून सांगा. रोज थोडं पाणी मिळालं तर मुळं वरच राहतात आणि एक आठवडा चुकला की झाड जातं.

ज्या रोपांपर्यंत पोचणं अवघड आहे तिथे मडक्याचा उपाय करा. तीन-चार लिटरचं कच्च्या भाजणीचं, बाहेरून न रंगवलेलं मडकं रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि तोंडावर दगड ठेवायचा. मडकं पाझरत राहतं आणि मुळं त्याच्याकडे येतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या खोचण्याची पद्धतही चालते, पण जूनमध्ये प्रत्येक बाटली परत खाली आणायची हमी असेल तरच. उन्हाने त्यांचे तुकडे होतात आणि ते मातीतून निवडता येत नाहीत.

पायथ्याशी पाण्याची टाकी ठेवता येते का, हे महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि जवळच्या सोसायटीला विचारा. बऱ्याचदा एखादी सोसायटी आपल्या नळाला पाइप जोडू देते. त्यांच्या वार्षिक सभेत दहा मिनिटं जाऊन बोला, सोबत त्यांच्याच इमारतीतला एखादा स्वयंसेवक न्या.

एप्रिलमध्ये बरीच देशी झाडं पानं टाकतात. काडीसारखं दिसणारं रोप मेलं असं समजून पाणी थांबवू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर जीव आहे.

माणसं सांभाळणं

गटाचा एक वार आणि एक वेळ ठरवा, आणि पाऊस असो की परीक्षा, ती बदलू नका. कुणी एकटं आलं तरी चालेल, पण रविवारी सात वाजता तिथे कुणीतरी असतं हे लोकांना कळलं पाहिजे. पाण्याच्या वाराचं वेळापत्रक डिसेंबरमध्येच करा. ग्रुपवर सुप्रभातचे निरोप नकोत, फक्त "आज 1 ते 18 ला पाणी झालं" एवढंच. प्रत्येक रोपाला पत्र्याचा नंबर सुतळीने काठीला अडकवा, झाडाला खिळा कधीच नाही. झाडांतले खिळे उपटून काढण्याची मोहीम याच शहरातून सुरू झाली आहे.

पायात बूट, हातात काठी. टेकड्यांवर फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, दगड उचलताना आणि पाल्याच्या ढिगात हात घालताना आधी काठीने हलवा. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. माणसाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता 108 ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. ज्येष्ठांकडून पहारीचं काम करून घेऊ नका आणि लहान मुलांना विळे देऊ नका. गुराख्याशी, सरपण नेणाऱ्या बायकांशी रोज बोला. ही माणसं टेकडीवर तुमच्या आधीपासून आहेत. कुठल्या पट्ट्यात रोपं आहेत हे त्यांना माहीत असेल तर गुरं दुसऱ्या बाजूने वळवली जातात, आणि वणव्याची पहिली बातमी बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच येते.

मेच्या शेवटी सगळ्या नंबरांची फेरी मारा. वहीत तीनच रकाने: जगलं, मेलं, सापडलं नाही. जिथे मेलं तिथे कारण लिहा: शेळी, वणवा, पाणी, की जागाच चुकीची. ज्या जागी दोनदा रोप गेलं तिथे तिसरं लावू नका, ती जागा गवताला द्या. बाकीच्या खड्ड्यांत जूनमध्ये नांग्या भरून घ्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावा, आणि नवीन रोपं किती हे ठरवण्यासाठी आधी पाण्याच्या यादीत यंदा किती माणसं आहेत ते मोजा.